मिला गोयसालिचा (ऑपेरा)

मिला गोयसालिचा हा क्रोएशियन संगीतकार याकोव्ह गोतोवात्स (१८९५–१९८२) यांनी रचलेला ऑपेरा आहे. त्याची संहिता दाल्मेशियातील साहित्यिक डांको आंजेलिनोविच यांनी लिहिली. ऑपेराचा पहिला प्रयोग १९५२ मध्ये झाग्रेब येथे झाला. दाल्मेशियाच्या पोलित्सा या डोंगराळ प्रदेशातील मिला नावाच्या तरुणीची लोककथा हा या ऑपेराचा विषय होय. उस्मानी सैन्य आपल्या प्रदेशावर चालून आले असता मिला शत्रूच्या छावणीत शिरली आणि दारूगोळ्याच्या साठ्याला आग लावून तिने स्वतःसह छावणी उडवून दिली, अशी ही कथा आहे. दंतकथेनुसार ही घटना १५३० मध्ये घडली.

एरो स ओनोगा स्वियेता (१९३५) या गोतोवात्स यांच्या हास्यप्रधान ऑपेराला मोठी कीर्ती लाभली. मिला गोयसालिचा ही त्याच संगीतकाराची गंभीर, शोकात्म आणि ऐतिहासिक प्रकृतीची कृती आहे. या ऑपेरामुळे एका छोट्या प्रदेशाची मौखिक स्मृती राष्ट्रीय रंगभूमीवर आली.

नाव आणि उच्चार

नायिकेचे आडनाव गोयसालिच असे आहे. ऑपेराच्या शीर्षकातील 'गोयसालिचा' हे त्या आडनावाचे षष्ठी विभक्तीचे रूप असून 'गोयसालिच घराण्यातील मिला' असा त्याचा अर्थ होतो. मराठीतील 'चा' या प्रत्ययाशी त्याचे दिसणारे साम्य केवळ योगायोगाचे आहे. आधुनिक लेखनात नायिकेचा उल्लेख करताना 'मिला गोयसालिच' आणि 'मिला गोयसालिचा' अशी दोन्ही रूपे आढळतात. 'मिला' हे स्त्रीनाम 'प्रिय' किंवा 'लाडकी' या अर्थाच्या स्लाव्ह शब्दापासून आलेले आहे.

क्रोएशियन भाषेत 'च'सदृश ध्वनी एकाहून अधिक असून प्रत्येकासाठी वेगळे अक्षर आहे. 'गोयसालिच' या नावातील अंत्य ध्वनी 'चिमणी' या शब्दातील च प्रमाणे तालव्य आहे. 'गोतोवात्स' आणि 'पोलित्सा' या नावांतील 'त्स' हा ध्वनी मात्र 'चाक' या शब्दातील च ला जवळचा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पोलित्सा

पोलित्सा हा प्रदेश एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर स्प्लिट आणि ओमिश या दोन शहरांच्या दरम्यान वसलेला आहे. मोसोर पर्वताची रांग त्यातून आडवी जाते, तर त्सेतिना नदी खोल घळीतून वाहत ओमिश येथे समुद्राला मिळते. पर्वतापलीकडील वरचा, पर्वत आणि किनाऱ्यावरील डोंगर यांच्या मधला, आणि समुद्रकाठचा खालचा असे या प्रदेशाचे परंपरेने तीन भाग मानले जातात. जमीन खडकाळ, शेती तुटपुंजी आणि वाटा अवघड असल्यामुळे बाहेरच्या सत्तेला येथे थेट कारभार करणे कठीण जात असे.

मध्ययुगापासून येथे स्वशासित समाज नांदत होता. इतिहासात तो 'पोलित्सा प्रजासत्ताक' या नावाने ओळखला जातो. आजच्या अर्थाने हे लोकशाही राज्य नव्हते. समाजात सरदार घराणी, स्थानिक कुलीन आणि सामान्य शेतकरी असे स्तर होते. तथापि प्रदेशाचा प्रमुख वंशपरंपरेने ठरत नसे. 'वेलिकी क्नेझ' म्हणजे महाप्रमुख या पदावरील व्यक्ती सेंट जॉर्जच्या सणाच्या दिवशी, गाता गावाजवळच्या ग्रादात्स येथे भरणाऱ्या सभेत निवडली जाई.

येथील कायद्यांचे संकलन 'पोलित्साची संहिता' या नावाने प्रसिद्ध आहे. तिचा उपलब्ध असलेला सर्वात जुना पाठ १४४० मधील असून तो क्रोएशियन भाषेत, सिरिलिक लिपीच्या स्थानिक वळणात लिहिलेला आहे. मालमत्ता, वारसा, कुरणे, पाणी, गुन्हे आणि दंड यांविषयीचे नियम तिच्यात आहेत. स्लाव्ह विधिपरंपरेच्या अभ्यासात या ग्रंथाला महत्त्वाचे स्थान आहे.

पोलित्साने १४४४ मध्ये व्हेनिसचे आधिपत्य मान्य केले. सोळाव्या शतकाच्या आरंभी उस्मानी दडपण वाढल्यावर सुलतानाला खंडणी देण्याची वेळ आली. तरीही अंतर्गत कारभार स्थानिकांच्याच हाती राहिला. सतराव्या शतकात हा प्रदेश पुन्हा व्हेनिसच्या छत्राखाली आला. १८०७ मध्ये नेपोलियनच्या फ्रेंच सैन्याने उठाव मोडून काढला आणि पोलित्साची स्वायत्तता संपुष्टात आणली.

उस्मानी विस्तार

ज्या काळात ही कथा घडते तो काळ क्रोएशियाच्या इतिहासात अत्यंत बिकट होता. १४६३ मध्ये बोस्नियाचे राज्य उस्मानी सत्तेखाली गेले. १४९३ मध्ये क्रबावा मैदानावर क्रोएशियन सरदारांचा दारुण पराभव झाला. १५२२ मध्ये क्निन पडले. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत हंगेरी आणि क्रोएशिया यांचा संयुक्त राजा दुसरा लायोश मारला गेला. स्प्लिटच्या पाठीशी असलेला क्लिसचा किल्ला सेनानी पेतार क्रुझिच याने दीर्घकाळ लढवला. परंतु १५३७ मध्ये क्रुझिच मारला गेल्यावर तोही शत्रूच्या हाती गेला.

म्हणजे १५३० मध्ये क्लिस अद्याप उभे होते, पण भोवतालचा बराचसा मुलूख गेलेला होता. मिलाची कथा या दोन घटनांच्या मधल्या काळात, सर्व बाजूंनी वेढल्या गेलेल्या समाजाच्या मनःस्थितीत रुजलेली आहे.

दंतकथा

प्रचलित कथनानुसार अहमद पाशा नावाचा उस्मानी सेनानी सुमारे १०,००० सैनिकांसह पोलित्सा जिंकण्यासाठी निघाला आणि त्याने गाता गावाच्या परिसरात तळ दिला. पोलित्साच्या लोकांचे बळ त्यापुढे अगदीच अपुरे होते. अशा वेळी कोस्तान्ये गावची मिला ही रूपवती तरुणी रात्री शत्रूच्या छावणीत गेली. पाशाच्या तंबूपर्यंत पोचल्यावर तिने संधी साधली आणि दारूगोळ्याच्या साठ्याला आग लावली. स्फोटात पाशा, त्याचे अनेक सरदार व सैनिक आणि स्वतः मिला ठार झाली. छावणीत माजलेल्या गोंधळाचा लाभ घेऊन पोलित्साच्या लोकांनी हल्ला चढवला व उरलेल्या सैन्याचा धुव्वा उडवला.

पाठभेद

मौखिक परंपरेतील इतर कथांप्रमाणे या कथेचेही तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. त्यातील सर्वांत महत्त्वाचा भेद मिलाच्या हेतूविषयीचा आहे. काही कथनांत पाशाने केलेल्या शीलभंगाचा सूड हा तिच्या कृतीचा मुख्य हेतू ठरतो. इतर कथनांत ती प्रारंभापासूनच ठरवून, आपल्या सौंदर्याचा उपयोग शस्त्रासारखा करत छावणीत शिरते आणि पुढे काय वाढून ठेवले आहे याची तिला पूर्ण जाणीव असते.

हा भेद वरवरचा नाही. पहिल्या प्रकारात मिला ही अन्याय झालेली स्त्री असून मृत्यू हा तिच्या अब्रूच्या प्रश्नाचा शेवट ठरतो. दुसऱ्या प्रकारात ती निर्णय घेणारी व्यक्ती असते आणि मृत्यू ही त्या निर्णयाची तिने स्वीकारलेली किंमत असते. मिलाची कथा नव्याने सांगणाऱ्या प्रत्येक कवीला, शिल्पकाराला किंवा संगीतकाराला या दोहोंपैकी कशावर भर द्यायचा हे ठरवावे लागते.

इतिहास आणि आख्यायिका

मिला ही लोकस्मृतीतील व्यक्तिरेखा मानली जाते. १५३० च्या सुमारास बोस्नियाच्या उस्मानी प्रांताचा कारभार गाझी हुस्रेव-बेग याच्याकडे होता आणि क्लिसवरील अखेरच्या मोहिमेचे नेतृत्व त्याचा सहकारी मुरात-बेग तार्दिच याने केले. दंतकथेतील अहमद पाशा हे पात्र मात्र कथेच्या गरजेनुसार घडलेले आहे. तो एका ठरावीक सेनानीपेक्षा बलाढ्य आक्रमकाचे प्रातिनिधिक रूप म्हणून वावरतो.

असे असले तरी कथेच्या मुळाशी असलेली परिस्थिती काल्पनिक नव्हती. सोळाव्या शतकात सरहद्दीवरील गावांना लूटमार, माणसे पकडून नेणे आणि अचानक होणारे हल्ले यांचा सतत सामना करावा लागत होता. दुसरीकडे, पोलित्साने उस्मानी आधिपत्याखाली शंभरहून अधिक वर्षे आपली स्वायत्तता टिकवून ठेवली, हेही तितकेच खरे आहे. प्रत्यक्ष इतिहासात संघर्षाच्या जोडीने वाटाघाटी, खंडणी आणि तडजोडही होती. दंतकथेने त्यातील संघर्षाचा क्षण निवडला आणि तो एका स्त्रीच्या रूपात जपून ठेवला.

रचनाकार

याकोव्ह गोतोवात्स

गोतोवात्स यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८९५ रोजी स्प्लिट येथे झाला. मिलाचा प्रदेश या शहरापासून अगदी जवळ आहे. त्यांनी झाग्रेबला कायद्याचे शिक्षण घेतले, पण ओढा संगीताकडेच राहिला. स्प्लिटमध्ये त्यांना योसिप हात्से आणि आंतुन दोब्रोनिच यांसारख्या संगीतकारांचे मार्गदर्शन लाभले. पुढे व्हिएन्ना येथे त्यांनी योसेफ मार्क्स यांच्याकडे रचनाशास्त्राचा अभ्यास केला. १९२२ मध्ये शिबेनिक शहरात त्यांनी फिलहार्मोनिक संस्था स्थापन केली.

१९२३ मध्ये ते झाग्रेबच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या ऑपेरा विभागात संचालक म्हणून रुजू झाले आणि तीन दशकांहून अधिक काळ तेथे कार्यरत राहिले. वाद्यवृंदासमोर रोज उभे राहिल्यामुळे त्यांना गायकांच्या आवाजाची मर्यादा, समूहगानाचा परिणाम आणि प्रेक्षकांची नाडी यांची प्रत्यक्ष जाण होती. मिला गोयसालिचाचा पहिला प्रयोग झाला तेव्हाही ते याच नाट्यगृहाशी संबंधित होते. १६ ऑक्टोबर १९८२ रोजी झाग्रेब येथे त्यांचे निधन झाले.

सिंफोनियस्को कोलो (१९२६) ही लोकनृत्यावर आधारलेली वाद्यवृंदरचना आणि कोलेदा (१९२५) ही समूहगानाची रचना यांमुळे त्यांचे नाव प्रथम सर्वदूर पोचले. एरो स ओनोगा स्वियेता या ऑपेराने त्यांना युरोपीय कीर्ती मिळवून दिली. मिलान बेगोविच यांच्या संहितेवरील या ऑपेराचा पहिला प्रयोग २ नोव्हेंबर १९३५ रोजी झाग्रेबमध्ये झाला. पुढे अनेक भाषांतून तो युरोपातील रंगमंचांवर सादर झाला.

डांको आंजेलिनोविच

संहिताकार डांको आंजेलिनोविच हे दाल्मेशियातील कवी व गद्यलेखक होते. ऑपेराचे संगीतकार आणि संहिताकार हे दोघेही त्याच किनारपट्टीच्या भाषेत, लोकपरंपरेत आणि निसर्गात वाढलेले असल्यामुळे पोलित्साची कथा त्यांना परकी नव्हती.

संगीताची पार्श्वभूमी

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात क्रोएशियन संगीतात 'राष्ट्रीय शैली' म्हणून ओळखला जाणारा प्रवाह प्रबळ झाला. लोकगीतांच्या चाली, त्यांतील स्वरांतरे, नृत्यांचे ठेके आणि ग्रामीण समूहगायनाची पद्धत यांच्या आधारे पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी रचना करणे, हे या प्रवाहाचे सूत्र होते. गोतोवात्स हे त्याचे एक प्रमुख प्रतिनिधी होत.

दाल्मेशियाची संगीतपरंपरा एकसुरी नाही. किनाऱ्यावरील शहरांत वाद्यांच्या साथीशिवाय अनेक आवाजांत गायले जाणारे 'क्लापा' गायन रुजले आहे. ते मधुर आणि स्वरमेळाला धरून असते. पर्वतापलीकडच्या भागात मात्र 'ओय्कान्ये' नावाचा गायनप्रकार आहे. त्यात घशातून काढलेला दीर्घ कंप पावणारा आवाज वापरला जातो आणि दोन आवाज एकमेकांच्या अगदी जवळच्या स्वरांवर घासत राहतात. याच भागात गुस्ले या एकतारी वाद्याच्या साथीने दहा अक्षरी ओळींत वीरगाथा गाण्याची प्रथा होती आणि वाद्यसंगीताविना, केवळ पावलांच्या ठेक्यावर नाचले जाणारे 'मूक कोलो' हे नृत्यही प्रसिद्ध आहे. क्लापा, ओय्कान्ये आणि मूक कोलो या तिन्ही प्रकारांचा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या याद्यांत समावेश झालेला आहे. पोलित्सा हा प्रदेश समुद्रकिनारा आणि पर्वतापलीकडचा भाग या दोन्ही सांस्कृतिक पट्ट्यांच्या सीमेवर येतो.

गोतोवात्स यांच्या लेखनाची सर्वसाधारण वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतात :

- स्पष्ट, सहज लक्षात राहणारी आणि लोकगीताच्या वळणाची स्वररचना.
- गुंतागुंतीच्या बहुस्वरी विणीपेक्षा ठसठशीत स्वरसमूहांवर आधारलेला मेळ.
- समूहगानाला केवळ पार्श्वभूमी न ठेवता नाट्यातील पात्राचा दर्जा देणे.
- नृत्याच्या ठेक्याचा वापर करून प्रसंग टिपेला नेणे.
- रंगतदार, पण गायकाचा आवाज न झाकणारे वाद्यसंयोजन.

या शैलीवर टीकाही झाली. विसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपीय संगीत नव्या दिशांना वळत असताना गोतोवात्स उत्तर-रोमँटिक परंपरेतच राहिले, असा आक्षेप घेतला गेला. १९६१ मध्ये सुरू झालेल्या झाग्रेबच्या संगीत द्वैवार्षिक महोत्सवाने क्रोएशियात आधुनिक संगीताचे दालन उघडले. त्या पिढीच्या दृष्टीने राष्ट्रीय शैली मागे पडलेली होती. तथापि सामान्य श्रोत्यांत गोतोवात्स यांची लोकप्रियता टिकून राहिली.

विषयाची नाट्यात्मकता

मिलाची कथा रंगमंचासाठी आकर्षक असली तरी सोपी नाही. कथेतील निर्णायक घटना काही क्षणांत घडते आणि ती नायिकेबरोबरच कथेचाही शेवट करते. त्यामुळे नाट्याचे सारे वजन स्फोटाच्या आधीच्या भागावर येते : गावावर आलेले संकट, लोकांची हतबलता, मिलाच्या मनातील निश्चय आणि निरोपाचा प्रसंग. गद्य नाटकात असे दीर्घ स्वगत कृत्रिम वाटू शकते. ऑपेरामध्ये मात्र गायनामुळे काळ थांबवता येतो आणि एका निर्णयाचा क्षण विस्ताराने उलगडता येतो.

या कथेत समूहाचे स्थानही मध्यवर्ती आहे. मिला ज्यांच्यासाठी प्राण देते तो समाज समोर दिसल्याशिवाय तिच्या त्यागाला अर्थ येत नाही. समूहगानाच्या रचनेत हातखंडा असलेल्या संगीतकारासाठी हा विषय साहजिकच अनुकूल होता.

समांतर कृती

मारुलिच यांची युदिता : एकटी स्त्री शत्रूच्या छावणीत शिरून सेनापतीचा अंत करते, हे कथासूत्र बायबलच्या परंपरेतील युदिथच्या कथेत आढळते. स्प्लिटचे कवी मार्को मारुलिच (१४५०–१५२४) यांनी याच कथेवर युदिता हे क्रोएशियन भाषेतील महाकाव्य १५०१ मध्ये पूर्ण केले आणि ते १५२१ मध्ये व्हेनिस येथे छापले गेले. उस्मानी आक्रमणाने भयग्रस्त झालेल्या आपल्या शहराला धीर देणे हा त्या काव्याचा एक हेतू मानला जातो. १५२२ मध्ये मारुलिच यांनी पोप सहावे एड्रियन यांना पत्र लिहून मदतीची याचनाही केली होती. दंतकथेतील १५३० हे वर्ष आणि पोलित्साचे स्प्लिटशी असलेले सान्निध्य लक्षात घेता दोन्ही कथांतील साम्य ठळकपणे जाणवते. फरक शेवटात आहे. युदिथ शत्रूचे शिर घेऊन आपल्या नगरात परतते आणि सन्मानाने दीर्घ आयुष्य जगते. मिला परत येत नाही.

निकोला शुबिच झ्रिन्स्की : इव्हान झाय्त्स यांचा हा ऑपेरा ४ नोव्हेंबर १८७६ रोजी झाग्रेबमध्ये प्रथम सादर झाला आणि क्रोएशियन देशभक्तिपर ऑपेराचा आदर्श ठरला. १५६६ मधील सिगेतच्या वेढ्यावर तो आधारलेला आहे. ह्यूगो बादालिच यांनी लिहिलेल्या त्याच्या संहितेला थिओडोर क्योर्नर या जर्मन कवीच्या नाटकाचा आधार होता. त्या नाटकाच्या अखेरीस झ्रिन्स्कीची पत्नी एवा दारूच्या कोठारात मशाल फेकते. वेढ्यात सापडलेल्या स्त्रीने दारूगोळा पेटवून शत्रूसह स्वतःचा अंत करणे, हा प्रसंग मिलाच्या कथेशी जुळतो. परंतु तेथे केंद्रस्थानी सरदार असतो आणि स्त्रीची कृती त्याच्या पराक्रमाला पूरक ठरते. मिलाच्या कथेत मात्र सर्व काही एका गावातील तरुणीच्या कृतीवर अवलंबून असते.

युरोपीय ऑपेरा : सत्ताधाऱ्याच्या वासनेला सामोरी जाणारी, त्याचा अंत करणारी आणि अखेर स्वतः मृत्यू पत्करणारी नायिका जाकोमो पुच्चिनी यांच्या टोस्का (१९००) या ऑपेरामुळे जगभर परिचित झाली. स्फोटात शत्रूसह नायकाचा अंत होण्याचा शेवट जाकोमो मायरबेर यांच्या ल प्रोफेत (१८४९) मध्ये आढळतो. युदिथच्या कथेवर रशियन संगीतकार अलेक्सांद्र सेरोव्ह यांनी १८६३ मध्ये ऑपेरा सादर केला होता. मिला गोयसालिचाचा विषय या परंपरेत सहज बसतो. तथापि टोस्का आपल्या प्रियकरासाठी झगडते, तर मिलाची कृती साऱ्या समाजासाठी असते.

काळाचा संदर्भ

हा ऑपेरा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युगोस्लाव्हियात रंगमंचावर आला. क्रोएशिया तेव्हा त्या संघराज्यातील एक घटक प्रजासत्ताक होता. परकीय आक्रमणाला सामान्य माणसांनी दिलेला लढा हा त्या काळच्या सार्वजनिक जीवनातील मध्यवर्ती विषय होता आणि युद्धातील हानीच्या आठवणी ताज्या होत्या.

पोलित्सालाही त्या युद्धाची झळ बसली होती. दंतकथेत ज्या गाता गावाजवळ पाशाची छावणी पडते, त्याच गावावर १ ऑक्टोबर १९४२ रोजी चेतनिक दलांनी हल्ला करून अनेक गावकऱ्यांची हत्या केली व घरे जाळली. ऑपेराचा पहिला प्रयोग झाला तेव्हा या घटनेला सुमारे दहा वर्षे झाली होती. त्यामुळे चार शतकांपूर्वीची कथा त्या प्रदेशातील श्रोत्यांना दूरच्या काळातली वाटण्याचे कारण नव्हते.

विषय उस्मानी आक्रमणाचा असला तरी गोतोवात्स यांच्या एकूण कार्यात बोस्नियाच्या मुस्लिम संस्कृतीकडे पाहण्याची दृष्टी वैरभावाची नव्हती. त्यांच्या मोराना या पहिल्या ऑपेराची संहिता बोस्नियन साहित्यिक आख्मेद मुरादबेगोविच यांची होती आणि रिझ्वान-आगा ही आवाज व वाद्यवृंदासाठीची त्यांची रचनाही त्याच जगातली आहे.

गोतोवात्स यांच्या नाट्यकृतींतील स्थान

गोतोवात्स यांच्या प्रमुख रंगमंचीय कृती कालक्रमानुसार पुढीलप्रमाणे :

- मोराना (१९३०) – पहिला प्रयोग ब्रनो येथे
- एरो स ओनोगा स्वियेता (१९३५) – हास्यप्रधान ऑपेरा
- कामेनिक (१९४६)
- मिला गोयसालिचा (१९५२)
- जेर्दान (१९५५)
- स्तानात्स (१९५९) – मारिन द्रझिच यांच्या सोळाव्या शतकातील प्रहसनावर आधारित
- दाल्मारो (१९६४)
- पेतार स्वाचिच – क्रोएशियाच्या अखेरच्या देशी राजांपैकी एकाच्या जीवनावरील ऑपेरा-ओरातोरियो

या यादीत दोन धारा स्पष्ट दिसतात. एरो आणि स्तानात्स यांत ग्रामीण विनोद, चातुर्य आणि उत्सव आहे. मिला गोयसालिचा आणि पेतार स्वाचिच यांत इतिहास व बलिदान आहे. एरोमध्ये नायक स्वर्गातून पडल्याची बतावणी करून गावाला हसवतो आणि शेवट सामूहिक नृत्यात होतो. मिलाच्या कथेत तोच ग्रामीण समाज संकटाच्या छायेत उभा असतो. एकाच संगीतकाराने एकाच लोकपरंपरेच्या या दोन बाजू हाताळल्या, हे या कृतींच्या तुलनात्मक अभ्यासात महत्त्वाचे ठरते.

प्रयोगांच्या संख्येत आणि आंतरराष्ट्रीय प्रसारात एरोच्या जवळपास त्यांची दुसरी कोणतीही कृती पोचली नाही. मिला गोयसालिचाचे महत्त्व प्रामुख्याने क्रोएशियन ऑपेराच्या इतिहासापुरते आणि दाल्मेशियाच्या सांस्कृतिक स्मृतीपुरते राहिले.

शिल्प आणि लोकस्मृती

मिलाची कथा ऑपेराखेरीज इतर कलांतही आलेली आहे. प्रसिद्ध शिल्पकार इव्हान मेश्ट्रोविच (१८८३–१९६२) यांनी घडवलेला तिचा पुतळा ओमिशजवळच्या डोंगरावर, त्सेतिना नदीच्या मुखाकडे पाहणाऱ्या उंच कड्यावर उभा आहे. तेथून खाली नदीची घळ, ओमिश शहर आणि पलीकडे समुद्र असा विस्तीर्ण देखावा दिसतो. हे ठिकाण आज पर्यटकांच्याही परिचयाचे आहे. मेश्ट्रोविच यांचे बालपण दाल्मेशियाच्या अंतर्भागात, वीरगाथांच्या सहवासात गेले होते. गोतोवात्स यांच्याप्रमाणेच तेही मौखिक परंपरेतून विषय घेणारे कलावंत होते.

गाता येथील संग्रहालयात पोलित्साच्या इतिहासाशी संबंधित वस्तू जतन केलेल्या आहेत. स्वायत्त प्रदेश म्हणून पोलित्साचे अस्तित्व दोन शतकांपूर्वी संपले. परंतु तेथील रहिवाशांच्या स्थानिक अस्मितेत संहिता, महाप्रमुखाची निवड आणि मिला या तीन गोष्टींना आजही स्थान आहे. यांपैकी पहिल्या दोहोंचा आधार लिखित दस्तऐवजांत सापडतो. मिलाचा आधार मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या कथेतच आहे. पुतळ्याने त्या कथेला डोंगरावर जागा दिली, तर ऑपेराने तिला राजधानीच्या रंगमंचावर आवाज दिला.